तेरा नंबरचा भाडेकरू

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काका 'सध्या कुठे?' असं विचारतात तेव्हा त्यांना एकच उत्तर हवं असतं: 'तिथेच.' ते मिळालं की काका समाधानाने मठ्ठ्याची वाटी उचलतात. 'तिथेच' म्हणजे पोरगा मार्गी लागलाय, पीएफ जमतोय, घराचे हप्ते वेळेवर जाताहेत आणि निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ नि भिंतीवरचं घड्याळ नक्की आहे. त्याऐवजी 'ती सोडली, आता दुसरीकडे' असं म्हणून बघा. काकांचा हात वाटीपाशीच थबकतो. 'बरं बरं' असं पुटपुटून ते पलीकडच्या पाहुण्याशी पावसापाण्याच्या गोष्टी काढतात आणि पंगत उठेपर्यंत आपल्याकडे वळत नाहीत.

या काकांच्या शेजारच्या पाटावर सेबास्टियन आब्रेऊला बसवावं, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. पाटावर तो मावणार नाही, कारण उंची सहा फूट चार इंच. पण उत्तर काय देतो ते ऐकायचंय. उरुग्वेचा हा फॉरवर्ड पाव शतकाहून जास्त खेळला, ११ देशांत खेळला, आणि क्लब मोजायला बसलं तर आकडा तीसच्या पुढे जातो. उरुग्वे, अर्जेंटिना, स्पेन, ब्राझील, मेक्सिको, इस्रायल, ग्रीस, इक्वेडोर, पॅराग्वे, एल साल्वाडोर, चिली. यादी वाचताना शाळेतला नकाशा भरल्यासारखं वाटतं. त्यातही काही क्लब तो सोडून गेला, परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. अशा पुनरागमनांना धरून मोजायचं की वगळून, यावर कुणाचं भांडण झालं तर मला नवल वाटणार नाही.

त्याला सगळे 'एल लोको' म्हणतात. आपल्या गल्लीत एखाद्याला प्रेमाने 'येडा' म्हणतात ना, तसं. खांद्यावर रुळणारे केस, डावा पाय आणि पाठीवर तेरा नंबर. जन्म १९७६ चा, मिनास नावाच्या डोंगराळ भागातल्या गावातला. या गावाची देशात ओळख आहे ती तिथल्या झऱ्यांमुळे. उरुग्वेभर खपणारं साल्यूस नावाचं बाटलीबंद पाणी तिथलंच. अख्ख्या देशाची लोकसंख्या ३५ लाखांच्या आसपास, म्हणजे पुण्यात कोंबून बसवता येईल एवढी. तरी या देशाने १९३० आणि १९५० असे दोन विश्वचषक जिंकलेत. गोमांस आणि फुटबॉलपटू या दोन्ही गोष्टी उरुग्वे परदेशी पाठवतो. मांस एकदा गेलं की परत येत नाही. आब्रेऊ मात्र येत राहिला.

मोंतेव्हिदेओच्या डेफेन्सोर स्पोर्टिंगमधून तो सुरुवातीला अर्जेंटिनाच्या सान लोरेन्सोकडे गेला. तिथे गोल झाले, नाव झालं आणि १९९८ मध्ये स्पेनच्या डेपोर्तिवो ला कोरुन्याने त्याला विकत घेतलं. एवढ्यावर कुणालाही वाटेल की बाब्या आता युरोपात लागला, झालं. डेपोर्तिवोने त्याला थोडंसं खेळवलं आणि मग लोनवर देऊन टाकलं. ब्राझीलच्या ग्रेमियोला दिलं, मेक्सिकोच्या तेकोसला दिलं, पुन्हा सान लोरेन्सोला दिलं. शेजारणीने नेलेली खलबत्त्याची जोडी जशी वाड्यातल्या सगळ्या घरांत फिरते आणि मूळ घरी कधीच नसते, तसली ही उसनवारी. यात खरी गंमत पुढे आहे. २००० साली डेपोर्तिवो ला कोरुन्या आपल्या इतिहासात पहिल्यांदाच, आणि आजवर एकदाच, स्पेनची लीग जिंकलं. गावात जल्लोष झाला, चषक मिरवला गेला. कागदोपत्री त्यांचा असलेला हा उंच माणूस तेव्हा अटलांटिकच्या पलीकडे दुसऱ्याचा शर्ट घालून पळत होता.

एवढी भटकंती एकट्याच्या स्वभावाने होत नाही, व्यवस्थाही त्याला हातभार लावते. त्या काळात मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात वर्षाला दोन छोट्या स्पर्धा व्हायच्या, एक उघडणारी आणि एक मिटणारी. दर सहा महिन्यांनी नवा विजेता. साहजिकच करारही सहा महिन्यांचे होऊ लागले. वर्षातून दोनदा खेळाडूंच्या बदल्यांची खिडकी उघडते, तेव्हा प्रत्येक क्लबाचे पदाधिकारी आपल्या संघाकडे बघून एकच वाक्य बोलतात: आपल्याला गोल करणारा हवाय. बचावपटू वाईट असला तरी तो सवयीचा असतो. गोलकीपर बदलायचा म्हटलं तरी लोक दहादा विचार करतात. पण फॉरवर्डचं तसं नाही. बचावातल्या माणसाने दिवसभर चूक केली नाही तर ते कुणाच्या ध्यानातही येत नाही. फॉरवर्डने दिवसभर गोल केला नाही तर ते स्टेडियमबाहेरच्या शेंगदाणेवाल्यालाही कळतं. चार सामने कोरडे गेले की याचं सामान बांधलं जातं, आणि तेच चार कोरडे सामने दुसऱ्या कुठल्या तरी संघाचे झालेले असतात, ते याला बोलावतात.

पुण्या-मुंबईत भाड्याने राहिलेल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. मला तर वाटतं, अशा फॉरवर्डचं आयुष्य लिव्ह अँड लायसन्सच्या कागदावरच लिहावं. करार अकरा महिन्यांचा, दलालाचं कमिशन वेगळं, आत येण्याआधी तपासणी. यांची पोलीस पडताळणी, त्याची गुडघ्याची. मालक पहिल्या दिवशी चहा पाजतो आणि 'घर आपलंच समजा' म्हणतो, वर 'भिंतीला खिळे ठोकू नका' हेही सांगतो. दहाव्या महिन्यात मालकाच्या भाच्याला अचानक शहरात नोकरी लागते. क्लबाच्या भाषेत भाच्याला 'अकादमीतला होतकरू मुलगा' म्हणतात. यात वाईट वागलं असं कुणीच नसतं. टेम्पो येतो, गाद्या गुंडाळल्या जातात, गॅसचा नंबर बदलायचा राहून जातो. अनुभवी भाडेकरू यातून एक गोष्ट शिकतो: आपल्याबरोबर नेता येईल एवढंच घर मांडायचं. आब्रेऊने बरोबर नेलं ते दोनच वस्तूंचं बिऱ्हाड. तेरा नंबर आणि पेनल्टी मारायची एक खास तऱ्हा.

तेरा नंबरची माणसं फुटबॉलमध्ये कमी. नऊ, दहा, अकरा यांच्यासाठी भांडणं होतात, तेरा उरलेल्याला मिळतो. त्यामुळे नव्या घरात शिरताना आब्रेऊचं कुणाशी वाकडं आलं नसावं. ब्राझीलमध्ये मात्र तेराचा आणखी एक भक्त होता, तोही नावाजलेला: मारिओ झागालो. खेळाडू म्हणून आणि प्रशिक्षक म्हणूनही विश्वचषक जिंकलेला हा माणूस तेरावर अशी श्रद्धा ठेवून होता की विचारूच नका. त्याची बायको संत अँथनीची भक्त आणि त्या संताचा दिवस १३ जून, हे त्यामागचं कारण. झागालो एकेकाळी रिओच्या बोताफोगोकडून खेळला होता, आणि २०१० मध्ये आब्रेऊ तेरा नंबर घेऊन नेमका त्याच बोताफोगोत दाखल झाला. योगायोगावर माझा फारसा विश्वास नाही, पण हा घरमालक बरा मिळाला एवढं खरं.

बोताफोगोआधीची मेक्सिकोतली वर्षं मी घाईने ओलांडणार होतो, पण एक प्रसंग सोडवत नाही. सिनालोआ राज्यातल्या कुलियाकान शहरात दोरादोस नावाचा छोटा क्लब होता. २००६ च्या पूर्वार्धात त्या क्लबाच्या सरावाला दोन माणसं एकत्र यायची. एक आब्रेऊ. दुसरा पेप गार्डिओला. हो, तोच. बार्सिलोनाचा मधल्या फळीतला नावाजलेला माणूस इटली आणि कतार करून कारकिर्दीच्या शेवटी तिथे आला होता, हुआन मान्वेल लियो या प्रशिक्षकाच्या हाताखाली शिकायला मिळावं म्हणून. दोघेही सिनालोआच्या उन्हात. एक पासचा अभ्यास करतोय, दुसरा त्या पासची वाट बघतोय. आब्रेऊ गोलही करत होता, तरी मोसम संपताना दोरादोस खालच्या श्रेणीत घसरलं. दोनच वर्षांत गार्डिओला बार्सिलोनाचा प्रशिक्षक झाला आणि त्याच्या नावाने शैली ओळखली जाऊ लागली. आब्रेऊ त्या दोन वर्षांत मोंतेरे, सान लुइस, तिग्रेस, रिव्हर प्लेट आणि जेरुसलेम इतकं फिरून आला. कोण शहाणा ठरला ते जगाने ठरवलंय. मजा कुणाला जास्त आली हे अजून ठरायचंय.

आता पेनल्टी. ११ मीटरवरून चेंडू, समोर ७.३२ मीटर रुंद गोल आणि मध्ये एक घाबरलेला माणूस. जोरात मारलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत जाळ्यात पोचतो, म्हणून गोलकीपरला आधीच कुठल्या तरी बाजूला झेप घ्यावी लागते. इस्रायलच्या काही अभ्यासकांनी २००७ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २८६ पेनल्टी तपासल्या, तर गोलकीपर मधेच उभा राहिला असं १०० पैकी साधारण सहाच वेळा घडलं. चेंडू मध्ये मारायचं प्रमाण त्यापेक्षा कितीतरी जास्त. मग गोलकीपर उभा का राहत नाही? कारण झेप घेऊन गोल झाला तर 'प्रयत्न केला बिचाऱ्याने' म्हणतात, आणि उभं राहून झाला तर 'पुतळा' म्हणतात. आपल्या कचेऱ्यांमधली निम्मी लगबग याच भीतीने चालते, असा मला दाट संशय आहे.

त्या भीतीचा फायदा घेणारी पेनल्टी चेकोस्लोव्हाकियाच्या आंतोनिन पानेंकाने प्रसिद्ध केली. युरोपीय स्पर्धेची अंतिम लढत, बेलग्रेड, जून १९७६. धावत आला, पश्चिम जर्मनीचा सेप मायर झेपावला आणि पानेंकाने चेंडू अलगद उचलून मधोमध सोडला. त्यानंतर चार महिन्यांनी मिनासमध्ये आब्रेऊ जन्मला. ही पेनल्टी चुकली तर माणूस आयुष्यभर हास्यास्पद ठरतो, म्हणून अनेक थोर खेळाडू ती सरावातच मारतात. आब्रेऊने ती रोजच्या वापरात आणली. एप्रिल २०१० मध्ये रिओच्या राज्य स्पर्धेत फ्लामेंगोविरुद्ध त्याने ती मारली आणि बोताफोगोला विजेतेपद मिळालं. म्हणजे इशारा अडीच महिने आधीच देऊन ठेवलेला होता.

२ जुलै २०१०, जोहान्सबर्ग. विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, उरुग्वे विरुद्ध घाना. घाना जिंकला असता तर उपांत्य फेरीत पोचणारा पहिला आफ्रिकी देश ठरला असता. त्यामुळे त्या रात्री उरुग्वेच्या बाजूने कोण होतं? उरुग्वे. १-१ अशी बरोबरी. जादा वेळेच्या अगदी शेवटी गोलमध्ये शिरणारा चेंडू लुइस सुआरेसने चक्क हाताने अडवला. लाल कार्ड, पेनल्टी, आणि असामोआ ग्यानने ती क्रॉसबारवर मारली. त्यानंतर शूटआऊट. घानाचे दोन फटके उरुग्वेचा गोलकीपर मुस्लेराने अडवले, उरुग्वेच्या मॅक्सी पेरेराने एक आकाशात घातला. पाचवा फटका मारायला आला बदली म्हणून उतरलेला तेरा नंबर. हा गेला की ४० वर्षांनी उरुग्वे उपांत्य फेरीत.

तो मधल्या वर्तुळापासून चालत येतो ते बघा. घाई नाही. चेंडू ठेवतो, मागे सरकतो, केस मागे घेतो. घानाचा गोलकीपर रिचर्ड किंग्सन हात पसरून उभा आहे. आब्रेऊच्या मनात काय चाललंय हे सगळ्या उरुग्वेला ठाऊक असावं, आणि निम्म्या उरुग्वेने डोळे मिटलेले असावेत. तो धावतो, डावा पाय जोरात मागे जातो, किंग्सन झेपावतो, आणि पाय चेंडूखाली घुसून थांबतो. चेंडू उठतो. त्याचा वेग असा, की दिवाणखान्यात बसलेल्या माणसाला 'अरे, अरे' असं दोनदा म्हणता यावं. तो रमतगमत गोलच्या मधोमध उतरतो, अगदी जिथे किंग्सन नुकताच उभा होता तिथे. जमिनीवर पडलेल्या किंग्सनला सगळं दिसतंय, करता काही येत नाही.

हा फटका ज्या बाकीच्यांना मारता आला असता ते सगळे मोठ्या क्लबांचे होते, आणि मला राहून राहून वाटतं की त्यांना तो मारवला नसता. मोठ्या घरच्या माणसाला घरी परत जायचं असतं. तिथे उंबरठ्यावर कुणीतरी 'काय रे हे?' म्हणून विचारणारं असतं. भाडेकरूला फार तर घर सोडावं लागतं, आणि त्याची आब्रेऊला सवय होती. पुढे उपांत्य फेरीत नेदरलँड्सने ३-२ असं हरवलं, स्पर्धेत उरुग्वे चौथा आला. ७० सामने आणि २६ गोल असं त्याचं देशासाठीचं खातं आहे. पण कुठल्याही उरुग्वेच्या माणसाला त्यातला एकही गोल विचारू नका. तो शूटआऊटचा फटकाच सांगेल, जो नियमाप्रमाणे गोलांत धरतच नाहीत.

या कथेला आपल्याकडची एक वाट फुटते. जोहान्सबर्गच्या त्या सामन्यात उरुग्वेचा गोल फ्री किकवर करणारा दिएगो फोर्लान २०१६ मध्ये मुंबई सिटीकडून खेळायला अंधेरीत आला. २०१० च्या विश्वचषकातला सर्वोत्तम खेळाडू, मँचेस्टर युनायटेड ते ओसाका असा फिरलेला, आणि आता अंधेरीच्या मैदानावर केरळ ब्लास्टर्सविरुद्ध हॅटट्रिक मारतोय. बार्थोलोम्यू ओग्बेचेची गोष्ट तर आब्रेऊच्या जातीची. नायजेरियाचा हा मुलगा १७ व्या वर्षी विश्वचषकात खेळला. पॅरिस, अबुधाबी, स्पेन, ग्रीस, इंग्लंड, नेदरलँड्स असं करत तो भारतात गुवाहाटी, कोची आणि मग २०२० मध्ये मुंबई सिटीत आला. तो कोविडचा मोसम. सगळे सामने गोव्यातच, रिकाम्या स्टेडियममध्ये. मुंबईने लीग आणि चषक दोन्ही जिंकलं, पण मुंबईचा शर्ट घातलेला ओग्बेचे मुंबईत त्या मोसमाचा एकही सामना खेळला नाही. पुढच्या वर्षी तो हैदराबादचा झाला. तेव्हाही सामने गोव्यातच. १८ गोल करून तो स्पर्धेत पहिला आला आणि फातोर्ड्याला पुन्हा चषक उचलला, या वेळी जुन्या कोची घराण्याला हरवून. कागदोपत्री मुंबई, मग हैदराबाद, आणि दोन्ही वर्षं मुक्काम गोव्यात. गोव्याच्या स्वतःच्या संघाला तोवर तो चषक मिळाला नव्हता.

जुन्या घराण्याचा विषय निघालाच आहे तर एक शंका. फुटबॉलमध्ये असा रिवाज आहे, की आपल्या जुन्या क्लबाविरुद्ध गोल झाला तर आनंद साजरा करायचा नाही. दोन्ही हात वर करून माफी मागायची, मान खाली घालायची. छान सभ्य रिवाज. पण आब्रेऊसारख्याने काय करायचं? दक्षिण अमेरिकेत कुठेही गेला तरी समोर एखादं जुनं घर उभंच. ज्याच्यावर त्याचा लहानपणापासून जीव, तो मोंतेव्हिदेओचा नासिओनाल तर त्याला मधून मधून परत बोलावतच राहिला आणि परत पाठवतही राहिला. दर वेळी माफी मागत बसला असता तर त्याला पाव शतकात एकदाही नाचता आलं नसतं.

वय वाढलं तसे क्लब लहान होत गेले. चिलीच्या दक्षिणेला सतत पाऊस पडणारं पुएर्तो मोंत. डिसेंबर २०१७ मध्ये त्याच चिलीत औदाक्स इतालिआनोशी करार झाला तेव्हा तो त्याचा २६ वा क्लब ठरला आणि गिनेसच्या वहीतून जर्मन गोलकीपर लुट्झ फानेनश्टीलचा २५ क्लबांचा विक्रम पुसला गेला. विक्रम झाल्यावर शहाण्या माणसाने थांबावं. आब्रेऊ पुढच्या क्लबात गेला. २०२१ मध्ये ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातल्या अॅथलेटिक क्लबकडून खेळला, म्हणजे एका मिनासमध्ये जन्मून दुसऱ्या मिनासला पोचायला त्याला ४४ वर्षं लागली. त्याच वर्षी मोंतेव्हिदेओच्या सूद आमेरिकाकडून तो शेवटचा सामना खेळला आणि समोर होता लिव्हरपूल. इंग्लंडातला नव्हे, मोंतेव्हिदेओतलाच, त्या बंदराचं नाव घेतलेला.

खेळणं थांबलं, फिरणं नाही. प्रशिक्षक म्हणून तो पेरूला गेला, आणि २०२५ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवरच्या तिहुआनाने त्याला नेमलं. मेक्सिकोत खेळाडू म्हणून त्याचे तेकोस, क्रूझ आझूल, आमेरिका, दोरादोस, मोंतेरे, सान लुइस आणि तिग्रेस असे सात क्लब झाले होते. तिहुआना तेवढा राहिला होता.